समजतं सगळं, बोलता येत नाही

गडचिरोलीत धानोरा-कोरचीकडच्या कित्येक घरांत आजी गोंडीत बोलते आणि नातू मराठीत उत्तर देतो. पाणी आण म्हटलं की आणतो, आजी रागावली की पळतो. ‘जरा गोंडीत बोल’ म्हटलं की मात्र मान खाली घालतो. उद्या गोंडीच्या वर्गात बसवलं, तर या पोराला नवशिका धरायचं की जाणकार?

भाषाशिक्षणाचे अभ्यासक अशांना वारसाभाषक म्हणतात. अमेरिकेत ग्वादालुपे वाल्देस यांनी त्यांची व्याख्या केली, तेव्हा घरची भाषा बोलणाऱ्यासोबत ती नुसती समजणाऱ्यालाही त्यात जागा दिली.

नुसतं कानावर पडल्याने काय उरतं? टेरी ऑ आणि सहकाऱ्यांनी 2002 साली हे तपासलं. लहानपणी स्पॅनिश फक्त ऐकलेले तरुण कॉलेजात ती भाषा शिकत होते. त्यांचे उच्चार वर्गातल्या इतरांपेक्षा कितीतरी अस्सल निघाले. व्याकरणात मात्र ते इतरांच्याच पंगतीत होते. सिल्विना मोंत्रुल यांच्या गटाने 2008 मध्ये स्पॅनिशमधल्या नामांच्या लिंगाची परीक्षा घेतली. तोंडी कामात वारसाभाषक सरस ठरले, लेखी कामात स्पॅनिश वर्गातच शिकलेले विद्यार्थी. एकाला भाषा कानाने येते, दुसऱ्याला नियमाने. आपल्याकडे मार्क लेखी पेपरलाच, म्हणजे आजीचा नातू नापास होणार हे ठरलेलंच!

गोंडीचंच बघा. तिथे पुरुष एका बाजूला. बाई, गाय, झाड एकवचनात दुसऱ्या बाजूला, आणि क्रियापदही तसंच बदलतं. मराठीच्या तीन लिंगांत वाढलेल्या नवख्याला हा तक्ता फळ्यावर मांडून द्यावा लागेल. नातवाला तक्ता आधी दिला, तर तो भांबावेल. वारसाभाषकांना कसं शिकवावं याच्या अभ्यासक ओल्गा कागन आणि मारिया कारेरा यांचा सल्ला असा, की आधी जे येतं तिथून निघा: ऐकण्यातून वाचनाकडे, बोलण्यातून लिहिण्याकडे, नियम नंतर, गरजेपुरते. आजीकडून मोहफुलं वेचायची हकीकत मोबाइलवर रेकॉर्ड करायची, पोरांनी ती देवनागरीत उतरवायची आणि मग क्रियापदांची शेपटं तपासायची. नवख्याची सोबत इथेच कामी येते: एकाने ऐकून सांगायचं, दुसऱ्याने नियम पकडायचा.

खरी अडचण मला वेगळीच वाटते. 2011 च्या जनगणनेत गोंडी भाषक सुमारे 29.8 लाख होते, चार-पाच राज्यांत पसरलेले, आणि गोंडी सगळीकडे सारखी नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी शाळा काढली. तिथली गोंडी आणि तेलंगणातल्या आदिलाबादकडची गोंडी यांत फरक पडणारच. गुरुजी आदिलाबादकडचे असतील आणि त्यांनी आजीच्या शब्दावर लाल रेघ ओढली, तर पोरगं घरीही मराठीतच बोलू लागेल. ‘तुमच्याकडे असं म्हणतात, पुस्तकात असं आहे’ एवढं म्हणून दोन्ही शब्द वहीत शेजारी-शेजारी लिहून घ्यावेत.