ठोसेघर धबधबा

सातारा शहराच्या नैर्ऋत्येला सुमारे २५ किमी. अंतरावर, ठोसेघर गावालगत कड्यावरून दरीत कोसळणारा पावसाळी धबधबा. नाव एकवचनी असले तरी येथे अनेक धारा आहेत. गावकरी त्यांत ‘मोठा’ आणि ‘लहान’ असा ढोबळ भेद करतात. लहान धारा १५ ते २० मीटरच्या. मोठ्या धबधब्याच्या उंचीचे आकडे मात्र दोनशे मीटरपासून पाचशे मीटरपर्यंत कुठेही जातात. एकच सरळ कोसळ मोजायची की खालचे टप्पेही धरायचे, यावर आकडा हलतो. त्याच जिल्ह्यात कासजवळ भांबवलीचा वजराई धबधबा ‘देशात सर्वांत उंच’ म्हणून मिरवला जातो, त्यामुळे साताऱ्यात ही आकड्यांची चढाओढ घरचीच आहे.

कड्याचा थाट पाहून हे पाणी कोकणात उतरत असावे, असे अनेकांना वाटते आणि तसे छापलेलेही आढळते. ते खरे नाही. कोयनेचे खोरे आणि सह्याद्रीची मुख्य धार येथून पश्चिमेला राहते. ठोसेघरचे पाणी तारळी नदीचे. ते पाटण तालुक्यातल्या तारळी धरणात अडते, पुढे तारळे गावावरून उंब्रजजवळ कृष्णेला मिळते, आणि कऱ्हाडला कोयनेचे पाणी सामील झाल्यावर सांगलीकडे जाते. पावसाळ्यात सांगलीकर आयर्विन पुलापाशी जी पातळी धास्तीने पाहतात, तिच्यात या दरीचाही थोडा वाटा असतो. धबधबा अरबी समुद्राच्या इतक्या जवळ असूनही त्याचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते.

कडा इतका उभा असण्याचे कारण खडकात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार बनले. त्यांतले काही थर घट्ट, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. ठिसूळ थर आधी झिजतो, वरचा घट्ट थर पुढे आलेला राहतो आणि केव्हातरी तुटून पडतो. त्यामुळे भिंत उतरती न होता उभीच मागे सरकते. वरच्या सड्यांवर, म्हणजे सपाट खडकाळ माथ्यांवर, जांभा हा सच्छिद्र तांबडा खडक आहे. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि पाझरत राहते, म्हणून पाऊस उघडला तरी धार लगेच तुटत नाही. जुलै ते सप्टेंबर हा भराचा काळ. दिवाळीनंतर पाणी बारीक होते आणि उन्हाळ्यात ओला कातळ एवढेच दिसते.

साताऱ्याहून जाणारा रस्ता हा या भेटीचा अर्धा भाग म्हणावा लागेल. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला ते हे राजधानीचे गाव. राजवाडा, समर्थ मंदिर मागे टाकून अजिंक्यताऱ्याच्या डोंगरातल्या बोगद्यातून गाडी बाहेर पडली की शहर एकदम संपते. पुढे परळी खोऱ्यात उरमोडी धरणाचे पाणी दिसते. सज्जनगडाचा फाटा लागतो. गडावर समर्थ रामदासांची समाधी असून दुपारी महाप्रसाद असतो. सकाळी धबधबा, दुपारी गड असा बेत जाणकार करतात, आणि तोच बरा, कारण दुपारपर्यंत धबधब्यावर गर्दी फार होते. सज्जनगड फाट्यापुढे बोरणे घाट चढून ठोसेघर येते. साताऱ्याहून त्या बाजूला एसटीही जाते.

धबधब्याजवळ वनखात्याच्या हद्दीत प्रवेशशुल्क भरून आत जावे लागते. झाडीतून पायऱ्या, कठडे आणि दरीकाठच्या प्रेक्षागॅलऱ्या आहेत. धबधबा समोरच्या कड्यावर, पाहणारा अलीकडे, मध्ये दरी. येथे पाण्यात भिजण्याची सोय नाही आणि तीच गोष्ट पहिल्यांदा येणाऱ्यांना खटकते. प्रत्यक्षात एवढा मोठा कोसळ नीट पाहायचा तर लांबूनच पाहावा लागतो. पायथ्याशी उभे राहिले तर फक्त तुषार दिसतील. दुसरी अडचण ढगांची. ऐन श्रावणात दरी धुक्याने भरते, पाण्याचा आवाज येतो आणि समोर पांढरा पडदा. अशा वेळी लगेच परतू नये. वारा फिरला की पाच-दहा मिनिटांत दरी उघडते आणि तितक्याच लवकर मिटते. टपरीवरचा चहा, कांदाभजी आणि भाजलेले कणीस यांचा धंदा बराचसा या वाट पाहण्यावरच चालतो.

कठड्याबाहेर जाण्याचा मोह मात्र जिवावर बेततो. शेवाळलेला कातळ साबणासारखा निसरडा असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बोरणे घाटात सेल्फी घेताना एक तरुणी दरीत कोसळली होती. तिला दोराच्या साहाय्याने वर काढण्यात आले. अतिवृष्टीच्या दिवसांत जिल्हा प्रशासन अशी स्थळे बंद ठेवते, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी केलेली बरी.

ठोसेघरच्या पुढे काही किलोमीटरवर चाळकेवाडीचे पठार आहे. तेथे पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. धबधब्याला जोर देणारा पावसाळी पश्चिम वाराच या पात्यांनाही फिरवतो. सप्टेंबरात याही सड्यावर रानफुले येतात. कासला फुलांच्या हंगामात आगाऊ नोंदणी करावी लागते. ज्यांना ती मिळत नाही, ते हल्ली इकडे वळतात.