ऑनलाइन एमसीए म्हणजे फक्त कागद?

"ऑनलाइन एमसीएला नोकरीत किंमत नाही, रेग्युलर डिग्रीच लागते", हा मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरत असतो (एमसीए म्हणजे कॉम्प्युटर विषयातली मास्टर्स डिग्री). भीती उगाच आलेली नाही, कारण पूर्वी पत्राने शिकवणाऱ्या काही संस्थांनी मान्यता नसतानाच डिग्र्या वाटल्या आणि मुलांची वर्षं वाया गेली.

पण खरं काय ते बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) ऑनलाइन आणि दूरशिक्षणाबद्दलच्या २०२० च्या नियमावलीत नियम २२ आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन डिग्री नेहमीच्या डिग्रीच्या बरोबरीची धरायची. आता यात "मान्यताप्राप्त" हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा, कारण नुसत्या विद्यापीठाला मान्यता असून भागत नाही, तो कोर्स आणि ज्या सत्रात तुम्ही ॲडमिशन घेताय ते सत्र, दोन्ही यादीत हवेत. ही यादी यूजीसीच्याच दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवर फुकट बघता येते, विद्यापीठाचं नाव शोधा, समोर "एमसीए" आणि माध्यम "ऑनलाइन" लिहिलंय का ते पहा, आणि स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा. एजंटने पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका, प्लीज.

अजून एक, या नियमावलीत इंजिनिअरिंगच्या डिग्र्यांना ऑनलाइन परवानगीच नाही, त्यामुळे कुणी "ऑनलाइन बीटेक, एमटेक" विकत असेल तर तिथेच थांबा. आणि सरकारी भरती असेल तर जाहिरातीतली पात्रतेची अट फॉर्म भरायच्या आधी नीट वाचाच.