चिऱ्याच्या घराचा गिलावा खरवडू नका

कोकणात किंवा गोव्यात जुनं घर दुरुस्तीला काढलं की कुणीतरी सांगतंच, "गिलावा खरवडा, आतला चिरा उघडा करा, मूळ रूप तेच!" हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी चांगल्या भिंती खराब होताहेत.

चिरा म्हणजे जांभ्या दगडाचा कापलेला ठोकळा, आणि जांभा सच्छिद्र असतो. पावसाचा मारा थेट बसला की त्यातली मऊ पिवळट माती धुऊन जाते, लोहाचा कडक सांगाडा मागे राहतो आणि चिऱ्याची चाळण होत जाते. गिलावा होता तो याचसाठी. जुन्या गोव्यातली बॉम जेझू बॅसिलिका पाहा. १६०५ साली पूर्ण झालेल्या या वास्तूचा गिलावा १९५०च्या दशकात काढला गेला. आज पर्यटकांना तिच्या लाल भिंती अस्सल वाटतात; प्रत्यक्षात तो चिरा दर पावसाळ्यात झिजतोय.

काही घरं पूर्वापार बिनगिलाव्याचीच आहेत, पण ती रुंद वळचणीखाली तगतात. त्यांना हात लावू नये.

गिलावा सुटलाच असेल, तर कृपा करून सिमेंट थापू नका. जोत्यातून चढलेली ओल त्यामागे कोंडते, क्षार चिऱ्यातच फुलतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चुना ओल बाहेर सोडतो. बोटाच्या पेराने भिंत ठोकून पाहा. पोकळ आवाज येईल तेवढाच तुकडा काढा. मग भिंत भिजवून चुन्या-वाळूचे पातळ थर द्या आणि ओल्या गोणपाटाखाली सावकाश वाळू द्या. बाकीचा घट्ट गिलावा तसाच राहू द्या.