गोळी आधी, आवाज मागून

दापोली तालुक्यातील आमच्या वाडीसमोर, खाडीच्या पलीकडच्या काठावर, गेल्या मे महिन्यात एका विहिरीचे खोदकाम चालू होते. जांभा संपून काळा कातळ लागल्यामुळे तिथे सुरुंग लावावे लागत. आमच्या पडवीतून आधी धुळीचा एक करडा झोत वर उठलेला दिसे, त्यात ज्वाळा अशी नसेच, आणि पुरते दोन सेकंद गेल्यावर 'धप्प' असा आवाज छातीवर येई. शेजारचे निवृत्त सुभेदार संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसत. (इंग्रजी अमदानीत दापोलीला लष्करी छावणी होती, म्हणून जुनी माणसे तिला अजूनही 'कॅम्प' म्हणतात, फौजेत गेलेली माणसे या भागात घरोघरी सापडतात.) धूळ दिसताच ते बोटांवर मोजू लागत आणि आवाज आला की म्हणत, "सातशे मीटर."

हिशेब साधा आहे. कोकणातील उन्हाळ्याच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. युद्धपटात मात्र दूरच्या डोंगरावर तोफगोळा फुटला तरी ज्वाळा आणि आवाज एकाच क्षणी येतात, आणि ती ज्वाळाही नारिंगी, फुललेली असते, कारण ती बहुधा पेट्रोलची असते. टीएनटीसारख्या स्फोटकात विस्फोटाची लाट सेकंदाला सुमारे ६,९०० मीटर वेगाने धावते. तिथे आगीला फुलायला सवडच मिळत नाही. क्षणभराची चमक, धूळ आणि चहूकडे सुटलेल्या पोलादी कपच्या एवढेच असते.

बंदुकीच्या गोळीचे गणित याहून विलक्षण आहे. भारतीय बनावटीच्या इन्सास रायफलची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने, म्हणजे ध्वनीच्या अडीचपट वेगाने निघते. ज्याच्या दिशेने ती येते त्याला सर्वप्रथम ऐकू येतो तो गोळीने हवेत उठवलेल्या आघाततरंगाचा कडाका, आसूड ओढल्यासारखा. बंदुकीचा स्वतःचा आवाज त्याच्यामागून येतो. गोळी अर्धा किलोमीटरवरून झाडलेली असेल, तर या दोन आवाजांमध्ये अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ जातो. कडाका हा गोळीच्या वाटेवरील जवळच्या बिंदूपासून निघत असल्यामुळे त्या रोखाने मान वळवणारा माणूस चुकीच्या दिशेला पाहतो. शत्रू कुठे बसला आहे हे सांगतो तो मागून येणारा मंद आवाज. म्हणूनच गोळीचा आवाज ऐकून बाजूला उडी मारणारा नायक मला पटत नाही, कारण आवाज कानी पडला तेव्हा ती गोळी पुढे निघून गेलेली असते.

गोळी लागताच माणूस चार हात मागे फेकला जातो, हेही पडद्यापुरतेच खरे. या गोळीचे वजन जेमतेम ४ ग्रॅम असते. तिचा संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेल्या लेदरच्या चेंडूपेक्षाही कमी भरतो, आणि तेवढ्या धक्क्याने ७० किलोच्या माणसाला सेकंदाला सुमारे ५ सेंटिमीटर इतकाच वेग मिळतो. गोळी जीव घेते ती शरीर आतून फाडून, ढकलून नव्हे.

मला सर्वांत जास्त खटकते ते मात्र कानाचे. स्फोटानंतर पडद्यावर सारे आवाज बंद होतात, एक बारीक 'सूं' उरते, आणि थोड्याच वेळात नायकाला पुन्हा सगळे स्वच्छ ऐकू येऊ लागते. प्रत्यक्षात रायफल झाडणाऱ्याच्या कानापाशी आवाजाचे शिखर १५० डेसिबलच्या पुढे जाते. व्यवस्थित जुळवलेल्या चित्रपटगृहात एका ध्वनिवाहिनीचे (चॅनेलचे) शिखर साधारण १०५ डेसिबल धरलेले असते. हे माप गुणाकाराने वाढत असल्यामुळे ४५ डेसिबलच्या या फरकात ध्वनिदाब दीडशे पटींहून अधिक होतो. चकमकीत अनेक सैनिकांना स्वतःच्याच बंदुकीचा आवाज मंद वाटतो किंवा जाणवतही नाही, कारण मेंदूने सारे लक्ष समोरच्या धोक्यावर एकवटलेले असते. पण मेंदूने आवाजाची दखल घेतली नाही, म्हणून कान वाचत नाही. आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केशपेशी असतात; त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

आमच्या सुभेदारांच्या कानात बारा महिने रातकिडे ओरडतात. अशा इजेत आधी जातात ते उच्च कंप्रतेचे आवाज, आणि 'स', 'श' यांची ओळख नेमकी त्यांच्यावरच अवलंबून असते. खर्जातले आवाज मात्र टिकून राहतात. त्यामुळे पालखीचा ढोल आणि खाडीपलीकडचा सुरुंग त्यांना आमच्याइतकाच ऐकू येतो, पण एसटी 'सात'ला आहे असे सांगितले तर ते 'आठ' ऐकतात आणि आठला थांब्यावर जाऊन उभे राहतात. "हवे तेव्हा बरे ऐकू येते," असे घरचे कितीतरी वर्षे म्हणत आले. कानाच्या तपासणीचा आलेख घरात आला, त्यातली उजवीकडे खाली कोसळलेली रेघ डॉक्टरांनी समजावून सांगितली, तेव्हा हे बोलणे थांबले. आता एसटीची वेळ सांगायची असली की सून त्यांच्या समोर येते आणि सात बोटे दाखवते.