दुसरे अपील

दिवाणी दाव्यातील हुकूमनाम्यावर (निकालानुसार न्यायालयाने काढलेल्या औपचारिक आदेशावर) जिल्हा न्यायालयात पहिले अपील होऊन गेल्यानंतर, त्या निकालाविरुद्ध राज्याच्या उच्च न्यायालयात जे अपील करता येते त्याला दुसरे अपील म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १०० मध्ये त्याची तरतूद असून ते दाखल करण्याची मुदत ९० दिवसांची आहे. शेताचा बांध, वहिवाटीचा रस्ता, एकत्र कुटुंबाची वाटणी, खरेदीखत खरे की ते मुळात गहाणखतच, असे महाराष्ट्रातील आणि गोव्यातील वाद याच वाटेने मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पर्वरी (गोवा) आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथील न्यायपीठांपुढे येतात. केवळ पैशांच्या वसुलीचा आणि २५,००० रुपयांपर्यंतचा दावा असेल, तर कलम १०२ नुसार दुसरे अपील करता येत नाही.

पहिल्या व दुसऱ्या अपिलाचा स्वभाव मुळातच वेगळा आहे. पहिल्या अपिलात घटना आणि कायदा या दोन्ही अंगांनी दावा पुन्हा उघडतो. साक्षीपुरावे नव्याने तपासून, निर्णयासाठी मुद्दे काढून, प्रत्येक मुद्द्यावर कारणांसह निष्कर्ष देणे हे त्या न्यायालयाचे कर्तव्य असते. घटनांच्या बाबतीत तेच शेवटचे न्यायालय, आणि म्हणूनच तेथे झालेली हयगय पक्षकाराला सर्वांत महाग पडते. उच्च न्यायालयात हा दरवाजा जवळजवळ बंद असतो. घटनेविषयीचा निष्कर्ष कितीही ढोबळ चुकीचा असला तरी तेवढ्यावरून दुसरे अपील चालत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) १८९० मध्येच सांगितले होते. १९७६ च्या दुरुस्तीने, जी १ फेब्रुवारी १९७७ पासून अमलात आली, ही चौकट आणखी आवळली. तेव्हापासून प्रकरणात ‘कायद्याचा सारभूत प्रश्न’ असेल तरच दुसरे अपील दाखल करून घेतले जाते.

हा प्रश्न अपीलदाराने अपिलाच्या ज्ञापनात (लेखी अर्जात) नेमका मांडावा लागतो, न्यायालयाची खात्री पटल्यास न्यायालय तो स्वतःच्या शब्दांत निश्चित करते आणि मग सुनावणी त्याच प्रश्नावर होते. समोरच्या पक्षाला त्या वेळी ‘असा प्रश्न येथे उद्भवतच नाही’ असे म्हणण्याची मुभा असते. कारणे नोंदवून दुसरा एखादा सारभूत प्रश्न विचारात घेण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. मात्र कोणताही प्रश्न निश्चित न करता खालचा निकाल फिरवला, तर तो निर्णय सर्वोच्च न्यायालयात टिकत नाही. सारभूत प्रश्न कोणता याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये, मुंबईहून आलेल्या सेंच्युरी स्पिनिंग कंपनीच्या प्रकरणात सांगितली. तो प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा असावा किंवा पक्षकारांच्या हक्कांवर थेट व मोठा परिणाम करणारा असावा, आणि वरिष्ठ न्यायालयांनी तो कायमचा सोडवलेला नसावा किंवा त्यात दोन मतांना जागा असावी, असे तिचे सार आहे.

घटना कोठे संपते आणि कायदा कोठे सुरू होतो, यावरच सारे ठरते. ‘वादीचा जमिनीवर ताबा होता काय?’ हा घटनेचा प्रश्न झाला. पण खालच्या न्यायालयाने केवळ सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध झाली असे धरले असेल, तर कायद्याचा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार हक्कनोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते एवढेच. नोंदीने मालकी निर्माण होत नाही. तसेच मालकीच्या दस्ताचा चुकीचा अर्थ लावणे, सिद्धतेचा भार भलत्याच पक्षावर टाकणे, महत्त्वाचा पुरावा डोळ्यांआड करणे किंवा कोणताही पुरावा नसताना निष्कर्ष काढणे, हे दोष घटनेच्या पोटातून आलेले असले तरी ते कायद्याचे दोष मानले जातात. येथे भाषेचाही प्रश्न येतो. १९९८ पासून महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, तर उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते. साक्षीदार ‘वहिवाट’ म्हणतो तेव्हा त्याला जमिनीचा प्रत्यक्ष कब्जा अभिप्रेत असेल किंवा नुसता जाण्यायेण्याचा हक्क. भाषांतरात एक शब्द घसरला की वादाचे स्वरूपच बदलते, म्हणून मूळ मराठी जबाब वाचणे हे अपिलातील वकिलाचे पहिले काम समजावे.

कायद्याचा अर्थ लावताना न्यायालय आधी शब्दांचा सरळ अर्थ घेते, आणि तो संदिग्ध असेल तर कायदा कोणता दोष दूर करण्यासाठी आला हे पाहते. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६ वरील वाद हे याचे चांगले उदाहरण आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार सहदायादाची (एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानेच हिस्सा असलेल्याची) मुलगी, दुरुस्ती अधिनियमाच्या प्रारंभापासून, मुलाप्रमाणेच ‘जन्माने’ सहदायाद होते. ‘प्रारंभापासून’ आणि ‘जन्माने’ हे दोन शब्द एकाच वाक्यात आले आणि पेच पडला. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने (दोन न्यायाधीशांच्या पीठाने) २०१२ मध्ये हा हक्क त्या दिवशी वा नंतर जन्मलेल्या मुलींपुरता मर्यादित केला. हे मत पुढे एका एकल न्यायाधीशांना पटले नाही, परंतु खंडपीठाचा निर्णय एकल पीठावर बंधनकारक असल्याने प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यात आला. पूर्णपीठाने १४ ऑगस्ट २०१४ रोजी, एका दुसऱ्या अपिलाच्या निमित्ताने, आधीचे मत बाजूला सारून सांगितले की ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असलेल्या मुलीला, ती आधी जन्मलेली असली तरी, हा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्या दिवशी वडीलही हयात असावेत अशी अट घातली. ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने ती काढून टाकली, आणि वाटणीचा प्राथमिक हुकूमनामा (प्रत्यक्ष वाटणीआधी हिस्से ठरवणारा) झालेला असला तरी प्रलंबित दाव्यांत व अपिलांत मुलीला मुलाइतकाच हिस्सा द्यावा असे स्पष्ट केले.