फ्लॅप की स्पीड ब्रेक? आधी विमानाला काय कमी पडतंय ते बघा

लाँग-ईझी या विमानाला फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे खाली वाकणारे भाग, नाहीतच. बर्ट रुटान या अमेरिकन डिझायनरचं हे दोन सीटचं विमान 1979 मध्ये पहिल्यांदा उडालं, मग त्याचे प्लॅन विकत घेऊन जगभरातल्या लोकांनी ते आपापल्या गॅरेजमध्ये फोम आणि फायबरग्लास वापरून बांधलं, आपल्याकडे बंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान संशोधन संस्थेनेसुद्धा 1980 च्या दशकात याच डिझाइनवर एक संशोधन विमान बनवून उडवलं, आणि 1997 मध्ये बर्टचा भाऊ डिक रुटान आणि माइक मेलविल दोन लाँग-ईझी घेऊन अख्ख्या पृथ्वीला चक्कर मारून आले. इतकं भारी विमान, आणि उतरताना वापरायला काय, तर पोटाखाली उघडणारी एक फळी, म्हणजेच स्पीड ब्रेक.

का, ते समजून घेण्यासारखं आहे. या विमानात छोटा पंख पुढे नाकाशी असतो, त्याला कॅनार्ड म्हणतात, आणि मोठा पंख मागे. मागच्या पंखाला फ्लॅप लावले की लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलणारं बळ, वाढते पण ती मागे वाढते, म्हणजे नाक खाली जाणार, ते सावरायला पुढच्या छोट्या पंखाने जास्त लिफ्ट द्यायला हवी आणि तेवढी त्याच्याकडे नसते. बीच स्टारशिप या मोठ्या कॅनार्ड विमानात फ्लॅप दिले तेव्हा फ्लॅप उघडले की पुढचा पंखच फिरून पुढे येईल अशी यंत्रणा बसवावी लागली. घरी बांधणाऱ्याने त्या वाटेला जाऊच नये असं मला ठामपणे वाटतं.

शेपटी मागे असलेल्या नेहमीच्या विमानात मात्र दोन्ही पर्याय खुले असतात आणि इथेच लोकांचा घोळ होतो, कारण दोन्ही गोष्टी "उतरताना वापरायच्या" म्हणून एकाच खात्यात टाकल्या जातात. खरं तर दोघांची कामं वेगळी आहेत.

फ्लॅप म्हणजे पंखाची मागची कडा खाली वाकवणं. त्याने पंखाची जास्तीत जास्त लिफ्ट देण्याची ताकद वाढते. ती ताकद मोजायचा एक आकडा असतो, समजा साध्या पंखाला तो 1.4 आहे आणि फ्लॅप उघडल्यावर 1.8 झाला, तर ताशी 110 किमीला स्टॉल होणारं, म्हणजे त्याहून हळू गेलं की पंखाची लिफ्ट कोसळणारं विमान आता 97 पर्यंत तग धरतं. 13 किमीचा फरक किरकोळ वाटेल, पण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने चालते, त्यामुळे जमिनीला टेकताना जिरवायची ऊर्जा जवळजवळ 22 टक्क्यांनी कमी होते! इंजिन बंद पडून शेतात उतरावं लागलं तर हे 22 टक्के जीव वाचवू शकतात. फ्लॅप आणखी वाकवत गेलं की लिफ्ट फारशी वाढत नाही, ड्रॅग, म्हणजे हवेचा मागे ओढणारा रोध, मात्र वाढत जातो, आणि तोही उतरताना उपयोगीच पडतो.

स्पीड ब्रेक फक्त ड्रॅग देतो. समजा विमान इंजिन आयडलवर ठेवून 1000 फुटांवरून 12 ला 1 या प्रमाणात तरंगतंय, म्हणजे ते सुमारे 3.7 किमी लांब जाईल. ब्रेक उघडून ते प्रमाण 6 ला 1 झालं की 1.8 किमीतच खाली येणार. उतार तीव्र झाला, रनवेच्या तोंडाशी झाडं असली तरी निभावतं, जमिनीजवळ विमान तरंगत राहत नाही. पण टेकायचा वेग तोच, 110 च्या हिशोबाचा. आणि ब्रेक पंखाच्या वरच्या बाजूला असेल तर तो लिफ्टही मारतो, त्यामुळे स्टॉलचा वेग उलट थोडा वाढतो. ग्लायडरमध्ये हे चालतं कारण मुळात ती विमानं हळू उडतात आणि त्यांना तीव्र उताराचीच गरज असते.

मग मला विचाराल तर, तुमचं विमान जड आणि छोट्या पंखाचं असेल, स्टॉल वेग जास्त असेल, तर फ्लॅपला पर्याय नाही. विमान आधीच हळू उतरतं पण खालीच यायला तयार नसेल तर ब्रेक बघा. आणि दोन्हीची गरज नसेल तर काहीच लावू नका, जे-3 कब या छोट्या विमानाला फ्लॅप नाहीत, तिथे पायलट विमान आडवं घसरवत, म्हणजे साइडस्लिप करून, उंची घालवतो, त्याला एक ग्रॅम वजन लागत नाही.

बांधणीचाही विचार करायलाच हवा. फ्लॅप पंखाची जागा खातात, म्हणजे एलेरॉन, विमान डावी-उजवीकडे कलवणारे पंखाच्या कडेचे भाग, लहान होतात, म्हणून किटफॉक्ससारख्या विमानांत दोन्ही कामं करणारे फ्लॅपेरॉन असतात. दोन्ही बाजूंचे फ्लॅप एकाच मजबूत टॉर्क ट्यूबने, म्हणजे दोघांना एकत्र फिरवणाऱ्या नळीने, जोडलेले हवेत, कारण एकच बाजू उघडली तर विमान इतक्या जोरात कलंडतं की एलेरॉनने सावरेलच असं नाही. पोटाखालची फळी मधोमध असते, तिथे ही भानगडच नाही.

लँडिंग रद्द करून परत वर जायचं असेल तेव्हाचा फरकही बघा. ब्रेक झटकन बंद करता येतो, पोटाखालचा असेल तर लिफ्टला धक्का लागत नाही. फ्लॅप मात्र टप्प्याटप्प्याने आत घ्यायचे, एकदम घेतले तर लिफ्ट गेली आणि विमान खाली बसतं, तेही जमिनीजवळ. म्हणून जे काही लावाल ते पहिल्यांदा भरपूर उंचीवर उघडून बघा, नाक कुठे जातं, स्टिकवर किती जोर लागतो ते लिहून ठेवा, परत बंद करून बघा, आणि मगच ते घेऊन रनवेवर या.