'अवर गँग' : मूकपटकाळातील बालविनोदपटांची निर्मिती

अमेरिकन निर्माता हाल रोच याने कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटी येथील आपल्या स्टुडिओत १९२२ पासून काढलेली, लहान मुलांना प्रमुख भूमिका देणाऱ्या विनोदी लघुपटांची मालिका. मूकपट आणि बोलपट मिळून १९४४ पर्यंत या मालिकेत २२० लघुपट निघाले. त्यांपैकी १९२२ ते १९२९ या काळातील मूक लघुपट कसे घडवले जात, याचा विचार या नोंदीत केला आहे. मालिकेसाठी रोचने 'हिज रास्कल्स' असे नाव योजले होते. तथापि चित्रपटगृहांत आणि प्रेक्षकांच्या तोंडी पहिल्या पटाचेच 'अवर गँग' हे नाव रुळले आणि पुढे तेच मालिकेचे नाव झाले.

त्या काळी पडद्यावर मुले दिसत नसत असे नाही. चार्ली चॅप्लिनच्या 'द किड' (१९२१) या चित्रपटात जॅकी कूगन या बालनटाने केलेले काम नुकतेच गाजले होते. परंतु बहुतेक बालनट रंगभूमीच्या वळणावर तयार झालेले असत. केस कुरळे केलेली, रंगवलेल्या गालांची, पाठ केलेले हावभाव ठरलेल्या क्रमाने करून दाखवणारी मुले निर्मात्यांकडे चाचणीसाठी आणली जात. रोचने पुढे अनेकदा सांगितलेल्या आठवणीनुसार, १९२१ मध्ये अशाच एका पढवलेल्या मुलीची चाचणी आटोपल्यावर त्याचे लक्ष खिडकीबाहेरच्या लाकडाच्या वखारीकडे गेले. तिथे काही मुले लाकडाच्या काठ्यांवरून हमरीतुमरीवर आली होती. सर्वांत लहान मुलाने सर्वांत मोठी काठी बळकावली होती आणि मोठ्या मुलाला ती हवी होती. हे क्षुल्लक भांडण आपण पंधरा मिनिटे खिळून पाहत राहिलो, हे ध्यानात आल्यावर रोचला मालिकेची कल्पना सुचली. ही आठवण सांगता सांगता थोडी घोटून गुळगुळीत झालेली असणे शक्य आहे. मात्र तिच्यात सांगितलेले तत्त्व मालिकेच्या प्रत्यक्ष कामात खरोखर पाळले गेले, हे चित्रपट पाहिल्यावर स्पष्ट होते.

ते तत्त्व अमलात आणणारा माणूस एका प्रयत्नात सापडला नाही. 'अवर गँग' हा पहिला लघुपट आरंभी फ्रेड न्यूमायर याने दिग्दर्शित केला. न्यूमायर हा विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड याच्या विनोदपटांत मुरलेला कसबी दिग्दर्शक होता, तरीही त्याने केलेले चित्रण रोचला पसंत पडले नाही. ते बाजूला ठेवून रॉबर्ट मॅकगोवन या दिग्दर्शकाकडून पट नव्याने चित्रित करून घेण्यात आला. मॅकगोवन पूर्वी डेन्व्हर शहराच्या अग्निशामक दलात नोकरीला होता. स्टुडिओतील निर्मितीवर त्या काळी देखरेख ठेवणारा चार्ल्स पॅरट, म्हणजेच पुढे चार्ली चेस या नावाने प्रसिद्ध झालेला विनोदी नट, याचाही मालिकेच्या पायाभरणीत वाटा होता. पाथे या वितरण संस्थेने 'वन टेरिबल डे' हा नंतर तयार झालेला लघुपट १० सप्टेंबर १९२२ रोजी आधी प्रदर्शित केला. प्रथम तयार झालेला 'अवर गँग' ५ नोव्हेंबर रोजी पडद्यावर आला.

मुलांची निवड दूर कुठे शोध घेऊन झाली नाही. पुष्कळशी मुले स्टुडिओच्या ओळखीपाळखीतूनच आली. मेरी कॉर्नमन ही स्टुडिओतील स्थिरछायाचित्रकार जीन कॉर्नमन याची मुलगी, तर जॅक डेव्हिस हा लॉइडची नायिका मिल्ड्रेड डेव्हिस हिचा भाऊ होता. अर्नी मॉरिसन ऊर्फ 'सनशाइन सॅमी' हा कृष्णवर्णीय मुलगा रोचच्या विनोदपटांत आधीपासून काम करत होता आणि साऱ्या मुलांत तोच सर्वांत अनुभवी होता. मिकी डॅनियल्सचा चेहरा ठळक तांबूस ठिपक्यांनी भरलेला होता. तत्कालीन ऑर्थोक्रोमॅटिक फितीला तांबडा रंग जाणवत नसल्यामुळे तांबूस तपकिरी ठिपके पडद्यावर अधिकच काळे उमटत; सुंदर नट्यांना त्रासदायक वाटणारा हा दोष मिकीच्या बाबतीत त्याची ओळख ठरला. जॅकी कॉन्डनचे विस्कटलेले केस, १९२३ मध्ये दाखल झालेल्या जो कॉबचा लठ्ठपणा, ॲलन हॉस्किन्स ऊर्फ 'फरीना' याच्या उभ्या राहिलेल्या वेण्या यांमुळे प्रत्येक मूल लांबूनही चटकन ओळखू येई. संवाद ऐकू येत नसताना आठ-दहा मुलांच्या घोळक्यात कोण कोण आहे हे प्रेक्षकाला क्षणात कळणे आवश्यक होते, आणि निवड त्या गरजेनुसारच झाली. मुले मोठी होत तसतशी बदलली जात. पण निघून गेलेल्या मुलाची जागा बहुधा त्याच घडणीचे नवे मूल घेई.

चित्रणाची मुख्य करामत मॅकगोवनच्या बोलण्यात होती. कॅमेरा आवाज टिपत नव्हता; त्यामुळे दृश्य चालू असतानाही दिग्दर्शकाला कॅमेऱ्याशेजारून कर्ण्यातून किंवा साध्या आवाजात सतत बोलता येई. मुलांच्या हाती संहिता दिली जात नसे, आणि त्यांतील कित्येकांना वाचताही येत नव्हते. शॉटच्या आधी तो त्यांना प्रसंग एखाद्या खेळासारखा समजावून सांगे आणि कॅमेरा फिरू लागला की आता तिकडे बघ, आता थांब, आता पळ, अशा सूचना देत राही. १९२२ मध्ये मालिकेत आलेल्या हॉस्किन्सची तेव्हा जेमतेम दोन वर्षे पुरी होत होती. इतक्या लहान मुलाकडून प्रसंग आधी बसवून घेणे अशक्यच होते. दोन वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर भीती, नवल आणि मग रडू एकापाठोपाठ एक उमटते, तेव्हा ते पडद्यावर आपोआप घडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक भावामागे पडद्याबाहेरच्या माणसाचा एकेक शब्द असे. मुले त्याला 'अंकल बॉब' म्हणत. अशा रीतीने काम करताना फीत भरपूर खर्ची पडे आणि तेच दृश्य पुन्हा पुन्हा घ्यावे लागे; मोठ्या माणसांच्या विनोदपटात एखाद्या शॉटला लागणारी चिकाटी इथे जवळजवळ प्रत्येक शॉटला लागत असे. या मालिकेचे श्रेय मुलांच्या उपजत गोडव्याला दिले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण तो गोडवा फितीवर उतरवण्याची रीत मॅकगोवनने शोधून काढली होती.

प्रत्येक लघुपट बहुधा दोन रिळांचा, म्हणजे साधारणतः वीस मिनिटांचा असे. कथानक नावापुरते असून विनोदी प्रसंगांची साखळी जोडण्यावर भर असे. हशाच्या जागा सुचवण्यासाठी स्टुडिओत स्वतंत्र लेखक नेमलेले होते. पुढे थोर दिग्दर्शक म्हणून नावाजलेला फ्रँक कॅप्रा यानेही १९२४ च्या सुमारास काही काळ या मालिकेसाठी हे काम केले. पडद्यावरील मजकुराच्या पाट्या एच. एम. वॉकर लिहीत असे, आणि त्याच्या चुरचुरीत वाक्यांमुळे मुलांच्या तोंडी नसलेली भाषा पटाला मिळे. विषय बहुधा ठरलेला असे : मोठ्यांच्या जगात जे जे चालते ते मुले आपल्या ऐपतीप्रमाणे उभे करून पाहतात. 'फायर फायटर्स' (१९२२) मध्ये ती अग्निशामक दल काढतात, 'द बिग शो' (१९२३) मध्ये जत्रा भरवतात, 'द सन डाऊन लिमिटेड' (१९२४) मध्ये स्वतःची आगगाडी चालवतात. खोकी, फळकुटे, जुनी चाके आणि दोऱ्या यांतून बनलेली ही साधने मुलांनीच जोडली असावीत असे भासणे महत्त्वाचे होते. ती स्टुडिओतील कारागीर करत. ओबडधोबड दिसणारी वस्तू मुलांच्या वजनाखाली मोडू नये आणि कॅमेऱ्यासमोर नेमकी चालावी, यासाठी त्यांना बारकाईने काम करावे लागे. 'डॉग्ज ऑफ वॉर' (१९२३) मध्ये मुले थेट चित्रपटाच्या स्टुडिओत घुसतात. त्यासाठी वेगळा देखावा उभारण्याचे कारण नव्हते; रोचचाच स्टुडिओ कामी आला आणि तिथे चित्रण करत असलेला हॅरॉल्ड लॉइडही त्यात दिसतो.

चित्रणाचा मोठा भाग उघड्यावर, कल्व्हर सिटीच्या गल्ल्यांत, मोकळ्या जागांत आणि रेल्वेमार्गांच्या आसपास होई. त्यामुळे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील त्या परिसराचे, कच्च्या रस्त्यांचे, लाकडी कुंपणांचे आणि नुकत्याच उभ्या राहणाऱ्या वस्तीचे दर्शन या पटांत सहज घडते. कुत्री, बकऱ्या आणि खेचरे मुलांइतकीच पडद्यावर वावरत. डोळ्याभोवती वर्तुळ असलेला पीट हा कुत्रा १९२७ पासून मालिकेचा भागच झाला. मुलांची शाळा स्टुडिओच्या आवारात भरे आणि फर्न कार्टर या शिक्षिका त्यांना शिकवत. शिकवणीचे तास राखून उरलेल्या वेळात चित्रण बसवावे लागे. तयार पट आधी एखाद्या चित्रपटगृहात सामान्य प्रेक्षकांना दाखवून, हशा कुठे पिकतो आणि कुठे पडतो ते पाहून, पुन्हा संकलित करण्याची रोचच्या स्टुडिओची रीत होती.

या मालिकेचे मूल्यमापन वर्णभेदाचा प्रश्न टाळून करता येत नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या, अशा काळात इथे ती एकाच टोळीत खेळतात, भांडतात आणि एकाच बाकावर बसतात. टोळीत मॉरिसनचा शब्द मानलाही जातो. ही गोष्ट लहान नव्हे. परंतु त्याच पटांत कृष्णवर्णीय मुलाच्या भित्रेपणावर, कलिंगडाच्या हावरटपणावर आणि पाट्यांवर मुद्दाम मोडून लिहिलेल्या बोलीवर हशा काढलेला आहे. हॉस्किन्स मुलगा असूनही त्याला ठिगळांचे कपडे आणि वेण्या देऊन मुलगा की मुलगी ते संदिग्ध ठेवले गेले. समतेचे चित्र आणि अवहेलनेची सवय या दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत आहेत, आणि एकीच्या आधारे दुसरीला माफ करणे योग्य होणार नाही. मॉरिसन १९२४ मध्ये रंगमंचावर काम करण्यासाठी मालिकेतून बाहेर पडला. हॉस्किन्स १९३१ पर्यंत राहिला आणि त्याने १०५ लघुपटांत काम केले.

१९२७ मध्ये वितरण पाथेकडून मेट्रो-गोल्डविन-मेयर या चित्रपटसंस्थेकडे गेले. १९२९ मध्ये 'स्मॉल टॉक' या लघुपटाने मालिका बोलू लागली आणि मॅकगोवनची रीत एकाएकी निकामी झाली. ध्वनिग्राहक चालू असताना दिग्दर्शकाला तोंड उघडता येईना. लहानग्यांना वाक्ये आधी पाठ करवून घ्यावी लागू लागली, म्हणजे जे टाळण्यासाठी मालिका जन्मली होती तेच काही अंशी परत आले. आरंभीच्या बोलपटांत मुले शब्दांपाशी अडखळतात आणि दृश्यांची गती मंदावते, याचे कारण हेच. पुढे नव्या मुलांच्या पिढीने बोलपटातही मालिकेला मोठी लोकप्रियता मिळवून दिली. मॅकगोवनने मात्र १९३३ मध्ये ती सोडली, आणि १९३८ मध्ये रोचने ती मेट्रो-गोल्डविन-मेयरला विकून टाकली.

१९५५ पासून 'द लिटल रास्कल्स' या नावाने अमेरिकन दूरचित्रवाणीवर जे पट दाखवले गेले ते रोचच्या काळातील बोलपट होते; त्यामुळे नंतरच्या पिढ्यांच्या ओळखीची झाली ती बोलपटांतील मुले. मूकपटांतील काही आज घरगुती प्रक्षेपणासाठी काढलेल्या आखूड प्रतींतूनच उरले आहेत. त्यांत मूळ पाट्या गाळलेल्या किंवा बदललेल्या असतात, आणि मूकपटासाठी योजलेल्या गतीपेक्षा जलद चालवल्यामुळे मुलांच्या हालचाली धावपळीच्या भासतात. मॅकगोवनने शब्दाशब्दाने घडवलेले ते सावकाश उमलणारे चेहरे पाहायचे असतील, तर पूर्ण लांबीची प्रत योग्य गतीनेच पाहिली पाहिजे.